पंपाची वर्गणी

श्रावण सरला की आमच्या चेंबूरला वर्गणीचे दिवस येतात. संध्याकाळी सातच्या सुमाराला दारावरची घंटा वाजली, तर कोणी पाहुणे आले असतील अशी आशा आम्ही करीत नाही. दारात चार तरुण उभे असतात. पुढच्याच्या हातात पावतीपुस्तक असते आणि मागच्या तिघांच्या चेहऱ्यावर 'सर काही नाही म्हणायचे नाहीत' असा भाव असतो. सरही नाही म्हणत नाहीत. गणपतीची वर्गणी होते, मागोमाग नवरात्राची होते, मग कोजागिरीच्या दुधाची होते. टिळकनगरच्या गणपतीची आरास पाहायला दुरून दुरून माणसे येतात. त्या गर्दीत पाय दुखेपर्यंत उभा असताना, आपल्या भागात वर्गणी देणाऱ्यांपैकी मीही एक आहे, याचा मला उगीचच अभिमान वाटतो. या साऱ्या पावत्या मी एका तारेत ओवून ठेवतो. ती तार माझ्या टेबलाशेजारी लोंबत असते, आणि वर्षअखेरीला तिच्याकडे पाहिले म्हणजे आपण समाजाला अगदीच निरुपयोगी नाही, असे वाटून जिवाला बरे वाटते.

पण एक वर्गणीवाला असा आहे की, त्याला मी गेली नऊ वर्षे दारातूनच परत पाठवीत आलो. तो घंटा वाजवीत नाही, चौघांना बरोबर आणीत नाही, की 'मागच्या वर्षी एवढे दिले होते' अशी आठवणही करून देत नाही. मी संगणकावर लिहायला बसलो म्हणजे मधूनमधून कागदाच्या वरच्या अंगाला एक बारीकशी पट्टी उमटते आणि आमचे काम देणग्यांवर चालते, जमल्यास हातभार लावा, अशा अर्थाचे काहीतरी नम्रपणे सांगते. पट्टीच्या टोकाला एक फुली असते. त्या फुलीवर बोट दाबले की पट्टी निमूट निघून जाते. इतका सालस वर्गणीवाला मी दुसरा पाहिला नाही, आणि इतक्या निर्दयपणे मी दुसऱ्या कोणाला घालवलेलेही नाही.

ज्या सॉफ्टवेअरची ही पट्टी, त्याचे नाव लिबरऑफिस. माझी नऊ वर्षांची व्याख्याने त्याच्यात आहेत. आईच्या तोंडच्या दोनशे-सव्वादोनशे ओव्या मी तिच्या शेजारी बसून उतरवून घेतल्या, त्याही त्याच्यातच. आई आता नाही, ओव्या आहेत. हे सगळे मी एका पैशाचीही किंमत न मोजता केले, याचे मला आजवर काही वाटले नव्हते. उलट थोडे कौतुकच होते. कॉलेजातले सहकारी दर वर्षी विकतच्या सॉफ्टवेअरला पैसे भरतात आणि आपण कसे फुकटात भागवतो, हे मी स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी सांगितलेही होते.

या कौतुकाला सुरुंग लागला तो माझ्या भाच्यामुळे. तो सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. परवा रविवारी तो जेवायला आला आणि पान वाढेपर्यंत माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. पट्टी उमटली. माझे बोट सवयीने फुलीकडे गेले.

"मामा, किती वर्षं घालवताय त्या पट्टीला?" त्याने विचारले.

"अरे, फुकट आहे म्हणून तर घेतलं," मी म्हणालो. "पैसेच द्यायचे तर विकतचं काय वाईट होतं?"

"फुकट नाही मामा, मुक्त आहे," तो म्हणाला. "मराठीचे प्राध्यापक तुम्ही, मी काय सांगू!"

हा घाव वर्मी बसला. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकटही येते आणि मुक्तही येते, त्यामुळे साहेबाच्या देशात या विषयावर वर्षानुवर्षे वाद झाले आहेत. आपल्याकडे दोन वेगळाले शब्द तयार आहेत, आणि तरी मी नेमका चुकीचा उचलला होता.

जेवताना त्याने मला हा प्रकार समजावून दिला, तोही सौभाग्यवतीच्या गोड्या मसाल्याच्या आधाराने. बाजारातला मसाला पुडीत मिळतो. आत काय किती घातले आहे ते कंपनीचे गुपित. तुम्ही फक्त घ्यायचा आणि वापरायचा. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे शेजारणीने मसाल्याबरोबर कृतीचा कागदही हातात ठेवावा, तसे. धने किती, तीळ किती, दगडफूल कधी परतायचे, सगळे त्यात लिहिलेले. तुम्ही तो करा, त्यात फेरफार करा, दहाजणींना द्या, हवा तर विका. अट बहुधा एवढीच की शेजारणीचे नाव पुसू नका, आणि काही ठिकाणी आणखी एक, की तुमची सुधारलेली कृतीही अशीच पुढे द्या.

"मग यात पैशाचा प्रश्न येतो कुठे?" सौभाग्यवतीने विचारले. "कृती एकदा लिहून झाली की झाली."

"नाही ना मामी. हा मसाला रोज नासतो," तो म्हणाला.

त्याचे म्हणणे असे. सॉफ्टवेअर एकदा लिहून संपत नाही. नवी यंत्रे येतात, नवे फोन येतात, चोर नव्या किल्ल्या बनवतात, आणि त्या त्या वेळी मूळ लिखाणात हात घालावा लागतो. मला ते एका उदाहरणाने पटले. काही वर्षांपूर्वी 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला चंद्रकोरीसारखा र संगणकावर नीट उमटत नसे. अक्षरे फुटून पाय मोडलेल्या खुर्च्यांसारखी पडत. आज तो र बिनतक्रार उमटतो. मुंबईच्याच 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाने केलेला 'मुक्ता' नावाचा टंक मी वापरतो. त्याचे तर नावही मुक्त आणि परवानाही मुक्त. हा र कोणी कधी दुरुस्त केला, हे मी कधी विचारले नाही. तो सरळ उभा राहिला आणि मी लिहीत सुटलो, एवढेच.

अशा सॉफ्टवेअरचा जो आतला गाभा असतो, त्याची कथा आणखी निराळी. वरची सजावट सर्वांना दिसते. नवे बटण आले, नवा रंग आला, तर त्याचे कौतुक होते आणि त्यासाठी पैसे देणाराही भेटतो. गाभा कोणाला दिसत नाही. बँकेशी किंवा दुकानाशी आपण संगणकावरून बोलतो ते मधल्या कोणी ऐकू नये म्हणून त्या बोलण्याला कुलूप लागते. जगातल्या असंख्य ठिकाणी हे कुलूप लावणारे मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ओपनएसएसएल. 2014 च्या एप्रिलात त्याच्यात एक भोक सापडले. ते दोन वर्षांपासून होते आणि त्यातून आतले गुपित बाहेर गळू शकत होते. 'हार्टब्लीड', म्हणजे काळजातून वाहणारे रक्त, असे त्याचे नाव पडले. जगभर हाहाकार उडाला आणि मग कोणी तरी चौकशी केली, की या कुलपाची देखभाल करते तरी कोण? तेव्हा कळले की पूर्ण वेळ हे काम करणारा माणूस एक, बाकीचे सवडीने करणारे, आणि साऱ्या जगातून येणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर! ज्या कुलपाच्या भरवशावर अब्जावधींचे व्यवहार चालत होते, त्याच्या राखणदाराला जगाने वर्षाकाठी दिलेली ही दक्षिणा.

"पण तोवर कोणालाच कसं वाटलं नाही?" मी विचारले.

भाचा हसला. म्हणाला, "कुलूप लागत होतं ना, मामा!"

घास माझ्या हातातच राहिला. हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. शब्द थोडे निराळे होते, एवढाच फरक.

आमचे लहानपण चेंबूरच्या एका जुन्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत गेले. इमारतीत चोवीस बिऱ्हाडे. पालिकेचे पाणी पहाटे येई आणि खालच्या टाकीत पडे. तेथून ते पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागे. हा पंप आमचे वडील, म्हणजे अण्णा, चालवीत. त्यांना कोणी नेमले नव्हते. ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, यंत्रांशी त्यांची ओळख होती, म्हणून सुरुवातीला कोणी तरी 'जरा बघता का' म्हटले, आणि ते पुढे एकोणीस वर्षे बघत राहिले. पहाटे साडेचारला ते उठत. दारामागच्या खिळ्यावरची पंपाच्या खोलीची किल्ली काढताना होणारा बारीक आवाज हीच माझ्या लहानपणीची पहाट. खालची टाकी किती भरली ते काठीने बघायचे, पंप लावायचा, वरची टाकी भरून वाहण्याच्या आत बंद करायचा. फूट-व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर बाह्या सरसावून टाकीत हात घालायचा. पंपाची गळती लागली तर रविवारी दादरहून स्वतःच्या पैशाने सामान आणायचे. या साऱ्याची नोंद ते एका लांबट वहीत करीत. चोवीस घरांतली माणसे सहाला उठून नळ सोडीत, आणि नळाला पाणी येई.

1997 साली सोसायटीच्या वार्षिक सभेत अण्णा उठून उभे राहिले. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि गच्चीवर सभासदांना चहा देत होतो. अण्णा म्हणाले, दर बिऱ्हाडाने महिन्याला दहा रुपये पंपासाठी वेगळे काढावेत. दोनशे चाळीस रुपये होतील. त्यातून सामान येईल आणि एखाद्या गरजू मुलाला शिकवून तयार करता येईल. माझेही वय होत चालले. बोलणे अगदी साधे होते. त्यावर एक गृहस्थ कपातला घोट संपवून म्हणाले, "अहो, पण पाणी तर येतंय ना?"

सभा हसली. कोणी वाईट मनाने हसले नव्हते. त्याच सभेने पुढच्या दहा मिनिटांत गणपतीच्या मखरासाठी दर घरी एक्कावन्न रुपये एकमताने मंजूर केले. अण्णा खाली बसले. जिना उतरताना त्यांनी मला विचारले, "तुला काय वाटलं रे?" मी म्हणालो, "अण्णा, कशाला मागायचं? लोकांना वाटतं, आपल्यालाच पैसे हवेत." अण्णा काही बोलले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात अण्णांचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले आणि ते नऊ दिवस हॉस्पिटलात होते. पंप कोणी तरी लावला, खालच्या टाकीत पाणी नव्हते, तो कोरडा फिरला आणि जळाला. चार दिवस इमारतीला पाणी नव्हते. टँकर आला, बादल्यांच्या रांगा लागल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यातच बसकण मारली. आणि मग एका संध्याकाळी, केवळ एका संध्याकाळी, बारा हजार रुपये जमले! नवा पंप आला. त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि नुकत्याच घरी आलेल्या अण्णांच्या हस्ते बटण दाबवून घेतले. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला दारामागे किल्लीचा आवाज झाला. पंप नवा आला होता, पंपवाला जुनाच होता. महिन्याचे दहा रुपये हा विषय पुन्हा कोणी काढला नाही, अण्णांनीही नाही.

हार्टब्लीडनंतर जगानेही नेमके हेच केले. घाबरगुंडी उडाल्यावर देणग्या आल्या. डझनभर बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन तीन वर्षे दरसाल प्रत्येकी एक लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. ओपनएसएसएलला आणखी माणसे मिळाली, हे चांगलेच झाले. पण गाभ्याची अशी कामे हजारो आहेत, आणि प्रत्येकाचा पंप जळेपर्यंत आपण वाट पाहणार आहोत काय?

पाणी नसणे ही तर मोठी आपत्ती खरीच, पण थकलेला पंपवाला ही त्याहून मोठी. भाच्याने मला दुसरी एक हकीकत सांगितली, ती ऐकून माझी झोप उडाली. फाइली आवळून लहान करणारे 'एक्सझेड' नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते जगभरच्या यंत्रांत बसलेले आहे. फिनलंडमधले लासे कॉलिन नावाचे गृहस्थ ते वर्षानुवर्षे एकट्याने, बिनपगारी सांभाळीत होते. 2022 साली लोकांनी काम लवकर होत नाही म्हणून तगादा लावला, तेव्हा त्यांनी आपली प्रकृती आणि मन ठीक नसल्याचे सांगितले आणि हे काम बिनपगारी, हौसेचे आहे याची आठवण दिली. अशा वेळी 'जिया टॅन' हे नाव सांगणारा एक मदतनीस पुढे झाला. दोन वर्षे तो गोडीने काम करीत राहिला. त्याच्या हाती हळूहळू किल्ल्या आल्या, आणि 2024 च्या सुरुवातीला त्याने त्या सॉफ्टवेअरमध्ये गुपचूप एक चोरदरवाजा बसवला. तो कोण होता, कोणासाठी काम करीत होता, ते उघड झालेले नाही. आन्द्रेस फ्रॉइन्ड नावाच्या एका इंजिनिअरला आपल्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो असे वाटले, आणि त्याने खोदून पाहिले, म्हणून मार्च 2024 मध्ये हा कट उघडकीला आला. त्या अर्ध्या सेकंदाने जग वाचले. माझ्या मनात मात्र ते फिनलंडचे थकलेले गृहस्थच राहिले. अण्णांच्या दारी असा कोणी गोड बोलणारा आला असता आणि 'काका, उद्यापासून पहाटे मी उठतो' म्हणाला असता, तर त्यांनी त्याला किल्ली दिली नसती का? आनंदाने दिली असती!

मग या दुखण्यावर उपाय काय? पाण्याला निदान नळ असतो, पैसे न देणाऱ्याचा तो तोडता येतो. मुक्त सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते एकाने घेतले म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. कोटी माणसांनी प्यायले तरी टाकी भरलेलीच. म्हणून त्याला मीटर बसवता येत नाही, आणि बसवला तर ते मुक्त राहत नाही. उरते ती वर्गणी. म्हणजे पुन्हा आमच्या गच्चीवरच्या सभेतले ते दहा रुपये.

याबाबतीत आपण मराठी माणसांनी फार लांब जायला नको. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'पैसा फंड' काढला. देशी उद्योग उभे करायला भांडवल नाही, तर प्रत्येक माणसाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा, ही त्यांची कल्पना. तिला लोकमान्यांचा पाठिंबा मिळाला. अशा पैशापैशातून 1908 साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे प्रमुख होते. मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. या कारखान्याने नुसती काच केली नाही, तेथे माणसे शिकली, आणि त्यांनी बाहेर पडून ठिकठिकाणी काचेचे काम सुरू केले. शिकवलेली कृती त्यांनी पुडीत बांधून ठेवली नव्हती. आजच्या भाषेत बोलायचे तर तळेगावची ती भट्टी मुक्तच होती, आणि तिचा गाभा पैशा-पैशाने पेटत होता.

अशा पैसा फंडाची उदाहरणे सॉफ्टवेअरच्या दुनियेतही आहेत. ब्लेंडर नावाचे चित्रपट तयार करण्याचे एक सॉफ्टवेअर आहे. 2002 साली ते बनवणारी हॉलंडमधली कंपनी बुडाली. त्याचे कर्ते टॉन रोझेनडाल यांनी भांडवलदारांकडे ते मुक्त करण्याची परवानगी मागितली. एक लाख युरो द्या, असे उत्तर आले. लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून दिले. 2025 साली 'फ्लो' या लॅटव्हियन चित्रपटाला ऑस्कर मिळाले, तो चित्रपट याच ब्लेंडरवर केलेला आहे. आणि माझे लिबरऑफिस? त्याच्या संस्थेची जर्मनीत रीतसर स्थापना करायला पन्नास हजार युरोंचा मूळ निधी लागणार होता. 2011 च्या फेब्रुवारीत तो आठ दिवसांत जमला. त्या आठ दिवसांतल्या कोणा अनोळखी माणसाच्या पाच-दहा युरोंवर माझ्या आईच्या ओव्या आज सुखाने बसल्या आहेत.

पण खरे सांगायचे तर, नुसत्या वर्गणीवर संसार चालतो असे मीही म्हणणार नाही. वर्गणी उत्साहात येते आणि उत्साहाबरोबर ओसरते. हवा असतो तो महिन्याचा ठरलेला पैसा. चेंबूरहून कुर्ल्याला गाडी बदलली की पुढचे स्टेशन विद्याविहार. तेथे थाटलेल्या 'फ्रॅपे' या कंपनीने ईआरपीनेक्स्ट नावाचे धंद्याच्या हिशेबाठिशेबाचे मुक्त सॉफ्टवेअर जगाला दिले. ऋषभ मेहता या मुंबईकराने घरच्या फर्निचरच्या धंद्याच्या गरजेतून सुरू केलेले हे काम. कृती सर्वांना मोकळी आहे, पण ज्यांना घरी मसाला कुटायचा नाही त्यांना तो कुटून, डबा भरून, दर महिन्याला पोचवायचा, आणि त्या कमाईवर गाभ्याचे काम चालवायचे, हा मार्ग त्यांनी पत्करला. दुसरा मार्ग असा, की ज्यांनी या विहिरीच्या पाण्यावर मळे पिकवले त्यांनी विहिरीचा गाळ काढावा. 'झिरोधा' या बंगलोरच्या कंपनीने 2024 च्या ऑक्टोबरात मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत निधी जाहीर केला. जर्मनीच्या सरकारने 2022 पासून अशा गाभ्याच्या कामांना सार्वजनिक पैसा द्यायला सुरुवात केली. रस्ते, पूल बांधायचे तसेच हेही, अशी त्यांची धारणा.

हे मोठे लोक देत असताना माझ्या-तुमच्या पाच-पन्नास रुपयांना काय किंमत, असे तुम्ही विचाराल. मीही भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मामा, एकाच कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या कामाला तिच्याच तालावर नाचावं लागतं. हजार माणसांच्या वर्गणीला तसा मालक नसतो." मला पैसा फंडाचे मर्म तेव्हा कळले. वर्षाला एक पैसा ही रक्कम केवळ गरिबाला परवडावी म्हणून लहान नव्हती. कोणीही तळेगावच्या भट्टीवर आपल्या नावाची पाटी लावू नये, इतकी ती लहान होती!

आणि त्यात आणखीही एक गोष्ट आहे, ती मात्र मला कोणी सांगितली नाही. वर्गणी आली की काम करणाऱ्याला पैसे मिळतात, हे झालेच. पण त्याहून आधी त्याला कळते, की पहाटे साडेचारला आपण उठतो हे कोणाला तरी ठाऊक आहे. अण्णांना त्या दोनशे चाळीस रुपयांची गरज होती असे मला आता वाटत नाही. चोवीस घरांपैकी एकाने जरी 'अण्णा, रास्त आहे, माझे दहा रुपये लिहा' असे म्हटले असते, तरी ते जिना निराळ्या पावलांनी उतरले असते. तो एकजण मी होऊ शकलो असतो. चहाचा ट्रे हातात घेऊन मी जवळच उभा होतो.

अण्णांना जाऊन आता बारा वर्षे झाली. ती इमारत पुनर्विकासाच्या रांगेत उभी आहे. पंप आता आपोआप सुरू होतो आणि आपोआप बंद होतो. त्याची जुनी किल्ली मात्र आमच्या नव्या घरीही दारामागच्या खिळ्याला आहे. तिने उघडेल असे कुलूप आता कोठे नाही.

त्या रविवारी भाचा गेल्यावर मी पुन्हा लिहायला बसलो. पट्टीची वाट पाहिली. एरवी नको तेव्हा उमटणारी ती पट्टी नेमकी त्या दिवशी उमटेना! शेवटी मीच तिचे घर शोधून काढले. रकमेच्या रकान्यापाशी बोट जरा अडखळले, हे कबूल करतो. वर्षांचा हिशेब केला, गणपतीचे किती, नवरात्राचे किती तेही आठवले, आणि हजार रुपयांच्या आसपास होईल एवढी रक्कम भरली. नऊ वर्षांना भागली तर ती महिन्याला दहा रुपयेही होत नाही. म्हणून यापुढे ती दर वर्षी, दिवाळीच्या आत द्यायची असे ठरवून वहीत तशी नोंदही केली. वही लांबट आहे. अण्णांच्याच वहीची मागची कोरी पाने.

पावती छापून घेतली आणि तारेत ओवली. दुसऱ्या दिवशी झाडताना सौभाग्यवतीच्या ती दृष्टीस पडली. गणपतीच्या गुलाबी आणि नवरात्राच्या पिवळ्या पावत्यांत हा पांढराफेक कागद उठून दिसत होता.

"ही कसली वर्गणी?" तिने विचारले.

"पंपाची," मी म्हणालो.

तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा दारामागच्या खिळ्याकडे पाहिले आणि पुढे झाडू लागली.